मुंगी चावली, एवढंच?

अमिरातीत नवा आलेला माणूस उन्हाला घाबरतो, मुंगीला नाही. पण इथल्या हिरवळीत, ओलसर कुंड्यांखाली, इमारतींच्या फटींत राहणारी काळी सामसम मुंगी मधमाशीसारखी नांगी मारते. ही मूळची आफ्रिकेतली. तिच्या विषाची काहींना जीवघेणी ॲलर्जी होते, हे डॉक्टरांनी १९९०च्या दशकातच नोंदवलंय. आखातात यामुळे मृत्यूही झालेत.

बहुतेकांना फक्त आग आणि सूज येते. बर्फ लावला की भागतं. पण अंगभर पित्त उठलं, ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, धाप लागली, उलट्या झाल्या किंवा चक्कर आली, तर ते साधं पित्त नव्हे. आपली सवय काय? आमसुलाचा कोळ चोळायचा, सेट्रिझिन घ्यायची आणि ‘बघू थोडा वेळ’. सेट्रिझिननं खाज थांबते. बंद होणारा घसा आणि कोसळणारा रक्तदाब थांबत नाही. त्यावर औषध एकच, ॲड्रेनॅलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. मग लगेच ९९८ला फोन. रुग्णाला आडवं ठेवा, चालवू नका. दम लागत असेल तर बसू द्या. बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच, कारण काही तासांनी त्रास उलटू शकतो.

‘बघू’ म्हणण्यामागे बऱ्याचदा बिलाची भीती असते. १ जानेवारी २०२५पासून अबुधाबी-दुबईप्रमाणे शारजा, अजमान, रास अल खैमासारख्या उत्तरेकडच्या अमिरातींतही खासगी नोकरदार आणि घरकामगारांना आरोग्यविमा सक्तीचा झाला. मोठंच पाऊल आहे. पण या सक्तीत व्हिजिट व्हिसावर आलेले आई-बाबा येत नाहीत. संध्याकाळी नातवंडांना घेऊन बागेत, गवतावर बसतात मात्र तेच. त्यांचा प्रवास-विमा काढताना तातडीचे उपचार त्यात आहेत का, ते वाचून घ्या.

एकदा असा त्रास झालेल्यानं ॲलर्जीतज्ज्ञाला दाखवून ॲड्रेनॅलिनचं पेन जवळ बाळगावं. ते गाडीत ठेवू नका. इथल्या उन्हात औषध निकामी होतं. पेन कसं टोचायचं, हे घरातल्या सगळ्यांना आणि रूममेटलाही दाखवून ठेवा. वेळ येईल तेव्हा रुग्णाला बोलता येईलच असं नाही.