पुन्हा! पुन्हा!
‘टेलिटबीज’ पाहताना मोठ्या माणसाचा जीव मेटाकुटीला येतो. चार रंगांची चार गुबगुबीत ध्यानं, पोटावर टीव्ही, आकाशात हसऱ्या बाळाच्या तोंडाचा सूर्य आणि बोलणं सगळं बोबडं. १९९७ साली बीबीसीवर ही मालिका आली, तेव्हा मुलांची भाषा बिघडेल अशी ओरड ब्रिटनमध्ये झालीच. पण अ‍ॅन वुडसोबत ती रचणारा अँड्र्यू डेव्हनपोर्ट वाणीचं शास्त्र शिकलेला. बोबडेपणा आला तो विचारपूर्वक. खरी मेख पोटावरच्या फितीत आहे. खरीखुरी मुलं काहीतरी करताना दिसतात, फीत संपते, टबी ‘पुन्हा!’ म्हणून नाचतात आणि तीच फीत पहिल्यापासून लागते. आपण रिमोट शोधू लागतो. आमची दोन वर्षांची लेक मात्र या खेपेला पुढचं आधीच बोट दाखवून सांगते. आधी पाहायचं, मग ओळखायचं, या वयाचं शिकणं असंच चालतं. रोज रात्री चिऊताईची तीच गोष्ट मागणारं पोर ज्यांच्या घरात आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. तेव्हा आपल्याला कंटाळा आला म्हणून टीव्ही बंद करू नका. शेजारी बसा आणि दुसऱ्या फेरीला पडद्याऐवजी पोराकडे बघा.