लागलं नाही ना, मग फाउल कसला?

फुटबॉलच्या नियमपुस्तकात सतरा नियम आहेत. त्यातला बारावा प्रत्येक सोलापूरकराने एकदा तरी वाचावा असं माझं मत आहे, मग त्याने जन्मात चेंडूला पाय लावलेला नसला तरी चालेल. हा नियम फाउलचा. समोरच्याला लाथ मारणं हा गुन्हा आहे, हे सांगायला पुस्तक लागत नाही. पण त्याच ओळीत पुढे लिहिलंय की लाथ मारण्याचा प्रयत्न केला तरी तो गुन्हाच. पाय लागला की हुकला, ते नंतर. समोरचा उडी मारून वाचला म्हणून तुम्ही सुटत नाही.

आता सात रस्त्यावर या. सकाळची शाळेची वेळ. सिग्नल लाल असतानाच एक बुलेटवाला डावीकडून घुसतो आणि शाळेच्या रिक्षाला जेमतेम चाटून जातो. रिक्षावाला करकचून ब्रेक मारतो, आतली पोरं दप्तरांसकट एकमेकांवर आपटतात. रिक्षावाल्याने शिवी हासडली की बुलेटवाला मान वळवून विचारतो, "लागलं का बे? नाही ना? मग कशाला बोंबलतो?" आणि रिक्षावाला गप्प बसतो. कारण आतून त्यालाही ते पटलेलं असतं. लागलं नाही, विषय संपला.

माझी सगळी तक्रार या एका वाक्याशी आहे. आपल्या रस्त्यावर कुणी आडवा पडेपर्यंत काही गुन्हा घडलेलाच नसतो.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. रविवारी सकाळी गळ्यात शिट्टी अडकवून पोरांच्या सामन्यांत रेफ्रीगिरी करतो, आणि लिव्हरपूलचा सामना असला की रात्र जागून दुसऱ्या दिवशी ताळेबंदावर पेंगतो. सोलापुरात फुटबॉलवेडा माणूस जरा विचित्रच समजतात. हे पॉली उम्रीगरांचं जन्मगाव, पार्क मैदानावर राज्य क्रिकेटचं. फुटबॉल बघायचा तर कोल्हापूर गाठावं; शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार भिडले की आख्ख्या पेठा तिथे उतरतात. आमच्याकडे गोलपोस्टला जाळी मिळाली तरी सण. पण शिट्टी वाजवून वाजवून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. खेळाडूला शिस्त उपदेशाने लागत नाही, ती लागते रेफ्रीने धोका घडायच्या आधी पकडल्यामुळे.

नियम बारा धोक्याच्या तीन पायऱ्या सांगतो. नुसता निष्काळजीपणा असेल तर फ्री किक, कार्ड नाही. समोरच्याचं काय होईल याची फिकीरच केली नाही तर पिवळं कार्ड. आणि त्याचा पाय मोडेल अशा ताकदीने अंगावर गेलात तर लाल. ‘माझ्या मनात तसं नव्हतं हो सर’ हे मी दर रविवारी ऐकतो. मनात काय होतं ते नियम विचारत नाही.

याच नियमात आणखी एक कलम आहे आणि ते मला फार आवडतं: धोकादायक खेळ. चेंडू छातीच्या उंचीवर आहे, समोरचा डोक्याने खेळायला येतोय आणि तुम्ही बूट वर उचललात. स्पर्श झाला नाही तरी फ्री किक समोरच्याला. गंमत पुढे आहे. हा धोका स्वतःला असला तरी तो धरला जातो. लाथांच्या गर्दीत जमिनीलगतच्या चेंडूवर कुणी डोकं खुपसलं, तर शिट्टी त्याच्याविरुद्ध वाजू शकते. ‘माझं डोकं आहे, फुटलं तर फुटलं’ हा युक्तिवाद मैदानावर चालत नाही. रस्त्यावर मात्र हेल्मेटचा विषय निघाला की शंभरातले नव्वद लोक नेमकं हेच बोलतात.

सोलापुरात हेल्मेटविरोधी कारणांची कमतरता नाही. ऊन हे पहिलं, आणि ते खोटं नाही; एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर गेला की हेल्मेटच्या आत घामाची आंघोळ होते. दुसरं, "गावातल्या गावात कशाला?" तिसरं, केस गळतात. मी पेटर चेकचं उदाहरण देतो. हा चेल्सीचा गोलकीपर. ऑक्टोबर २००६ मध्ये रेडिंगविरुद्धच्या सामन्यात पहिल्याच मिनिटाला समोरच्या खेळाडूचा गुडघा डोक्याला लागला आणि त्याची कवटी आत दबली. तीन महिन्यांनी तो परतला तो रग्बीवाल्यांसारखं शिरस्त्राण घालून, आणि निवृत्त होईपर्यंत त्याने ते काढलं नाही. जगातल्या सगळ्यात श्रीमंत लीगमध्ये, कोट्यवधी लोकांच्या नजरेसमोर. त्याला कुणी भित्रा म्हटलं नाही. आपल्याकडे आसरा चौकातून विजापूर रोडला जाणाऱ्या पोराला मात्र हेल्मेट घातल्याने शायनिंग कमी होईल असं वाटतं.

आकडा एकच सांगतो, केंद्र सरकारच्याच अहवालातला. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातल्या ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. ३५,६९२ चालवणारे आणि १४,३३७ मागे बसलेले. मागे बसलेल्यांचा आकडा पुन्हा वाचा. आपल्याकडे मागे बसणारा म्हणजे बहुधा बायको, आई नाहीतर मूल.

शिनगार्ड घातल्याशिवाय मैदानात उतरता येत नाही हा नियम चार. माझ्याकडे कुणी विसरून आला तर मी दंड करत नाही, भाषणही देत नाही. बाहेर उभा राहा म्हणतो. घालून ये, मला दाखव, मग आत. पाच मिनिटं संघ दहा जणांवर खेळला की बाकीचे दहा त्याला असे काही झापतात की पुढच्या वेळी तो शिनगार्ड घालूनच घरातून निघतो. वाहतूक पोलिसांनी नेमकं हेच करून बघावं. हेल्मेट नसल्याचा दंड मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार हजार रुपये आहे. तो कॅमेऱ्याने पडतो, मोबाईलवर मेसेज येतो, मेसेज जाहिरातींत बुडतो, चलनं साचतात आणि कधीतरी लोकअदालतीत तडजोड होते. यातून डोकं कसं झाकणार? त्याऐवजी गाडी बाजूला घ्या, किल्ली काढा, घरून हेल्मेट मागव म्हणा. ऑफिसला अर्धा तास उशीर झाला की लेट मार्क लागतो, आणि तो हजार रुपयांपेक्षा जास्त बोचतो.

मैदानावरच्या कार्डांची गोष्ट अनेकांना माहीत नसते, आणि ती मुळात रस्त्यावरचीच आहे. १९६६ च्या विश्वचषकात इंग्लंड-अर्जेंटिना उपांत्यपूर्व सामना वेम्बलीवर होता. जर्मन रेफ्री रुडॉल्फ क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार रातीनला बाहेर काढलं. रेफ्रीला स्पॅनिश येईना, रातीनला जर्मन. तो कितीतरी वेळ जाईचना. इंग्लंडच्या जॅक चार्लटनला तर आपल्याला ताकीद मिळाली आहे हे दुसऱ्या दिवशीच्या पेपरातून कळलं. रेफ्रींचे प्रमुख होते केन अॅस्टन. गाडीने घरी जाताना लंडनमधल्या केन्सिंग्टन हाय स्ट्रीटच्या सिग्नलला ते थांबले आणि त्यांच्या डोक्यात आलं: पिवळा म्हणजे सांभाळ, लाल म्हणजे थांब, भाषा कुठलीही असो. १९७० च्या मेक्सिको विश्वचषकापासून कार्डं आली. म्हणजे फुटबॉलने सिग्नलकडून पिवळा आणि लाल घेतला, आणि आज मैदानावर त्याला जो मान आहे त्याच्या चौथाईनेही तो सिग्नलला उरलेला नाही. आपल्याकडे पिवळा दिवा लागला की लोक वेग वाढवतात.

का नाही मान? कारण मैदानावर कुणाला फोन लावता येत नाही. सोलापुरात पोलिसाने अडवलं की हात आधी लायसनकडे जात नाही, मोबाईलकडे जातो. "थांबा की साहेब, एक मिनिट, बोला जरा," म्हणत फोन हवालदाराच्या कानाला लावला जातो. पलीकडे कुणाचा तरी भाऊ, दादा नाहीतर अण्णा असतो. २०२४ च्या युरो स्पर्धेत नियम केला की रेफ्रीशी फक्त कर्णधाराने बोलायचं, बाकी कुणी अंगावर आला तर पिवळं. आपल्या चौकात पोलीस एकटा आणि कर्णधार पंचवीस. उन्हात आठ तास उभ्या असलेल्या त्या माणसाची मला कीव येते, आणि तो फोन घेतो तेव्हा रागही येतो.

पण सगळं बिल चालकाच्या नावावर फाडणं लबाडी ठरेल. सामन्याआधी रेफ्री मैदानावरून फेरी मारतो. खड्डा असेल, काच असेल, गोलपोस्ट हलत असेल तर तो सामना सुरू करत नाही. रस्त्यावर ही फेरी कोण मारतं? ऊसगाळप सुरू झालं की मंगळवेढा रोड, बार्शी रोड रात्री बघा. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, डेकवर गाणी मोठ्याने, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, आणि मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला तो दिसतो तेव्हा तो त्याच्यात घुसलेला असतो. हंगामाच्या तोंडाला रिफ्लेक्टर चिकटवण्याचे कार्यक्रम होतात, फोटो छापून येतात. रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली काट्यावर घ्यायचीच नाही एवढं कारखान्यांनी ठरवलं, तर एका आठवड्यात जिल्ह्यातली प्रत्येक ट्रॉली चमकेल. ऊस नाकारला जाणं हे आपल्याकडचं सर्वांत जालीम लाल कार्ड आहे.

याच दिवसांत कार्तिकीच्या दिंड्या रस्त्यावर असतात. ३१ ऑक्टोबर २०२२ च्या संध्याकाळी सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ कोल्हापूरकडून पायी येणाऱ्या दिंडीत गाडी घुसली आणि सात वारकरी गेले. दुसरीकडे, कोजागरीला सोलापूर-तुळजापूर रस्ता वाहनांना बंद करतात, वाहतूक वळवतात, आणि रात्रभर हजारो लोक चालत आईच्या दर्शनाला जातात. प्रशासनाने मनावर घेतलं की चालणाऱ्याला अख्खा रस्ता मिळू शकतो, याचा पुरावा दरवर्षी आपल्याच दारात असतो. मला अख्खा नको. होटगी रोडवर म्हाताऱ्या माणसाला चालता येईल एवढा फूटपाथ मिळाला तरी बास.

गेल्या काही वर्षांत मला सर्वांत हलवून गेलेली फुटबॉलची बातमी मैदानावरची नव्हती. ३ जुलै २०२५. आमच्या लिव्हरपूलचा दिओगो जोटा आणि त्याचा भाऊ आंद्रे सिल्वा स्पेनच्या झामोरा प्रांतात हायवेवरच्या अपघातात गेले. ओव्हरटेक करताना टायर फुटला. वेग मर्यादेपेक्षा जास्त असावा, असा अंदाज तिथल्या पोलिसांनी प्राथमिक तपासात दिला. जोटा अठ्ठावीस वर्षांचा होता, लीग नुकतीच जिंकलेली, लग्नाला दोन आठवडेही झाले नव्हते. लिव्हरपूलने त्याचा वीस नंबर कायमचा बाजूला ठेवला. आमच्या ग्रुपवर सगळ्यांनी त्याचा फोटो डीपीला लावला. संध्याकाळी टपरीवर जमलो तर गाड्या रांगेने उभ्या आणि हेल्मेटं मोजून दोन-तीन. मी विषय काढला तर एक जण म्हणाला, "अरे, त्याची लॅम्बोर्गिनी. आपली स्प्लेंडर." मी त्याला उठवून गाडीपाशी नेलं आणि मागचा टायर दाखवला. गोटा झालेला. हात फिरवला तर नक्षी लागत नव्हती. तो हसला, आणि पुढचा विषय ट्रान्सफर मार्केटचा निघाला.

मोठ्यांना बदलण्याचा नाद मी त्यानंतर कमी केला. आमच्या मैदानावर आता एकच नियम फाटकावर लावला आहे: अठराच्या आतलं पोरगं गाडी चालवत आलं तर त्या दिवशी खेळ नाही. एक वडील भांडायलाच आले. "सर, दहावीचं वर्ष आहे, क्लासवरून थेट येतो. आणि मेन रोडला जातच नाही हो, गल्लीगल्लीतून येतो." मी म्हटलं, "गल्लीतून येतो म्हणजे पोलीस चुकवून येतो. तुम्हीच शिकवलं ना त्याला?" अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हेही सांगितलं. ते चिडून गेले आणि पोराला घेऊन गेले. तो आमचा सर्वांत चांगला लेफ्ट विंगर होता. डाव्या पायाने असा क्रॉस टाकणारं पोरगं सोलापुरात सहज सापडत नाही. त्यानंतर आम्ही ओळीने सामने हरलो. नियम तसाच आहे.

सराव रविवारी सकाळी साडेसहाला सुरू होतो. तुमच्या पोरांना, पोरींनाही, जरूर पाठवा. चालत, सायकलवर, नाहीतर तुमच्या गाडीवर मागे बसवून आणा. मागे बसवून आणणार असाल, तर हेल्मेट दोन घेऊन या.