फळ्या उचला, पण फेकू नका

मंडळी, सध्या आमच्या घराण्यात दोन तट पडले आहेत. निमित्त, लेकीच्या लेस्टरमधल्या घराची जमीन.

घर १८९० च्या सुमाराचं, विटांचं, दोन्ही बाजूंच्या घरांना चिकटलेलं. तळमजल्याला फरशी नाही, कड्यांवर पाइनच्या फळ्या. (आपल्या वाड्यातला कडीपाट आठवा, फक्त तो पायाखाली.) खाली दीड-दोन फूट पोकळी. थंडीत फळ्यांच्या फटींतून असा वारा येतो की नातवाला मोज्यावर मोजे चढवावे लागतात. गेल्या हिवाळ्यात तीन महिने मीही ते सोसलं. तेव्हा काहीतरी करायलाच हवं, यात वाद नाही.

वाद पुढे आहे. तिथला कंत्राटदार म्हणतो, जुन्या फळ्या फेकू, खालून फोम फवारू, वर लॅमिनेट टाकू. पुण्याचे भाऊजी म्हणतात, ती पोकळी सिमेंटने भरून टाका आणि मस्त टाइल्स बसवा! मराठी घेऊन बी.ए. झालेल्या बाईला यातलं काय कळतं, असंही ते म्हणाले. कळतं, भाऊजी. माझं लहानपण कडीपाटाखालीच गेलं.

ती पोकळी चुकून राहिलेली नाही. बाहेरच्या भिंतीत जमिनीलगत जाळीच्या विटा असतात. त्यांतून वारा आरपार जातो आणि मातीतून वर येणारी ओल घेऊन जातो. वारा कोंडला की ओल लाकडात मुरते. लाकडातली ओल साधारण २० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते. त्यातल्या एका भयंकर बुरशीला तिकडे ‘ड्राय रॉट’ म्हणतात. नाव कोरडं, पण ओलीशिवाय तिचं पान हलत नाही! पहिल्यांदा कुजतात ती भिंतीत रुतलेली कड्यांची टोकं. फोमने कड्या झाकल्या तर ते दिसणार कोणाला? आणि पोकळी काँक्रीटने भरली तर खालची ओल जुन्या भिंतींत चढणार.

बरं, फेकायच्या त्या फळ्या कसल्या? मी एकीचं टोक पाहिलं. वाढीची वलयं इतकी दाट की मोजताना चष्मा पुसावा लागला. सावकाश वाढलेल्या झाडाचं लाकूड ते. त्याच्या जागी भुशाच्या पाट्यावर छापलेलं लाकडाचं चित्र?

मग करायचं काय? फळ्या जपून उचलायच्या, पाठीमागे खडूने आकडे घालायचे. प्रत्येक कडी स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघायची. कड्यांमध्ये जाळी झोळीसारखी सोडून तिच्यात लाकडी तंतूंच्या किंवा खनिज लोकरीच्या गाद्या फट न ठेवता बसवायच्या. वर वारा आणि बाष्प अडवणारा पडदा, त्यावर त्याच फळ्या. कुजलेल्या असतील तेवढ्याच बदलायच्या. गाद्यांखाली आता जास्त गारठा राहणार, म्हणून तिथल्या पाण्याच्या नळांनाही वेष्टण हवं. आणि गाद्यांच्या खालून वारा वाहताच ठेवायचा. ऊब वर, वारा खाली. कोकणात जोत्यावर घर बांधणाऱ्यांना हे वेगळं सांगावं लागलं नसतं.

याला वेळ लागतो, मजुरी जास्त पडते, हे मान्य. पण घाईचं काय होतं तेही बघा. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनच्या नॅशनल ऑडिट ऑफिसने सांगितलं, की सरकारी योजनेत ज्या घरांच्या भिंतींना बाहेरून इन्सुलेशन लावलं, त्यांतल्या ९८ टक्के घरांत दुरुस्ती लागेल असे मोठे दोष आहेत. त्या भिंती होत्या, ही जमीन आहे, हे मला कळतं. पण ‘तज्ज्ञ म्हणतात म्हणून’ एवढंच कारण मला पुरत नाही. वर्गातही पुरत नसे.

लेकीला कळवलंय, आगाऊ पैसे देण्याआधी बाहेर जाऊन जाळीच्या विटा मोज. पुढे तीन, मागे तीन निघाल्या. मागची एक आधीच्या मालकाने सिमेंटने लिंपलेली आहे. ती या रविवारी जावई फोडणार आहेत.