विक्री मराठीत, करार इंग्रजीत

प्रति,
मुख्य आयुक्त,
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, नवी दिल्ली



निपाणीत माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. जातीचे दाखले, पहाणी उतारे, शिष्यवृत्तीचे अर्ज हे नेहमीचं काम. लॉकडाऊनपासून त्यात एकाची भर पडली आहे, ती म्हणजे बँकेचे मेसेज वाचून दाखवणं.

“दादा, बघा की जरा, हे पैसं कशाचं कापायलेत?” विचारणारी बाई विड्या वळते. तिच्या समजुतीप्रमाणे ती पोरीच्या ऑनलाइन क्लासची महिन्याची फी भरत होती आणि नको वाटलं की क्लास बंद करणार होती. कागदावर मात्र तिनं एका वित्त कंपनीचं कर्ज काढलं होतं. क्लासवाल्यांचा पोरगा घरी आला, चहा प्यायला, आधार-पॅनचे फोटो काढले, ओटीपी विचारून घेतला आणि टॅब देऊन गेला. बोलला सगळं मराठीत, तेही गोड. (टार्गेटचा काच त्यालाही असणारच.) करार नंतर मेलवर आला, इंग्रजीत. मेलचा पासवर्ड तिला माहीत नव्हता. आम्ही खटपट करून करार उघडला तेव्हा आतल्या एका कलमात सापडलं की टॅबचं खोकं फोडलं की पैसे परत नाहीत. खोकं तर त्या पोरानंच फोडून दिलं होतं.

बरं, घेतलं ते तरी उपयोगाचं? पोरगी मराठी माध्यमात, पुस्तकं कर्नाटकाची. टॅबमधली शिकवणी सीबीएसईची, इंग्रजीत. बालभारतीच्या धड्यांवरचे मराठी व्हिडिओ फुकट मिळतात, पण ते महाराष्ट्रातल्या कागलच्या पोरांच्या कामाचे. हिचे धडेच वेगळे.

यात मराठी-कन्नड वाद कुणी आणू नये. चिकोडीच्या कन्नड आईला कन्नडमध्ये गुंडाळतात, एवढाच फरक.

सरकारला हे ठाऊक नाही असंही नाही. २३ डिसेंबर २०२१ रोजी शिक्षण मंत्रालयानं पालकांना सावध केलं होतं की हप्ते आपोआप कापायची सोय टाळा, नकळत कर्जावर सही होत नाही ना ते बघा. वर्षभरानं राष्ट्रीय बालहक्क आयोगानं बायजूज या ऑनलाइन क्लासच्या कंपनीच्या प्रमुखांना विक्रीच्या पद्धतींवरून समन्स काढलं. एके काळी २२ अब्ज डॉलरची म्हणवणारी ती कंपनी जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पेपरात चर्चा गुंतवणूकदारांची आणि क्रिकेट मंडळाला द्यायच्या थकबाकीची. कुठल्याही कंपनीचा क्लास बंद पडला तर पालकाच्या हप्त्याचं काय, यावर कुणी फारसं बोलत नाही.

तुमचे स्वतःचे नियमही मी वाचले आहेत. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जाहिरातीतला दावा ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत हवा. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगवाल्यांच्या फसव्या जाहिरातींसाठी तुम्ही वेगळी तत्त्वं काढली. पण निपाणीत क्लास जाहिरातीवर खपत नाही, तो सोप्यात बसून खपवला जातो. तिथल्या बोलण्याचा पुरावा कुठे उरतो?

रिझर्व्ह बँकेनं यातलं अर्धं काम केलं आहे. १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानं कर्जाच्या मुख्य अटींचं पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायला लावलं, शिवाय ते समजावून सांगितल्याची पोचही घ्यायला सांगितली. म्हणजे कर्जाची अट मराठीत मागता येते, पण ज्या क्लाससाठी कर्ज काढलं त्याच्या अटी इंग्रजीतच. आणि तुमच्या खात्याची १९१५ ही हेल्पलाइन १७ भाषांत चालते, त्यात मराठीही आहे, कन्नडही. तक्रार मराठीत करता येते तर करार मराठीत का नको?

मागणी एवढीच आहे. विकणारा ज्या भाषेत बोलला त्या भाषेत कराराचा गोषवारा एका पानावर, छापून, सही घेण्याआधी हातात द्यायला लावा. माध्यम कोणतं, बोर्ड कोणतं, एकूण रक्कम किती, कर्ज कुणाचं, बंद करायचं तर कुणाला कळवायचं, हे त्यात मोठ्या अक्षरांत असू द्या. परताव्याची मुदत ते पान मिळाल्या दिवसापासून मोजा, आणि खोकं फोडलं म्हणून ती संपली असं धरू देऊ नका.

आपला,
निपाणीतला एक दुकानदार