विक्रीची तयारी नेमकी कोणाची?

रायगडच्या किनाऱ्यावर घर विकले जाणे ही काही नवी गोष्ट नाही. नवी आहे ती त्या विक्रीची गती. भाऊच्या धक्क्यावरून मोटारींसह माणसे मांडव्याला उतरवणारी रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली. शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. अंतर कमी झाले म्हणून मोठा जल्लोष झाला. परंतु अंतर सर्वांना सारखे कमी होत नसते. किहीम, आवास, नागाव येथील कष्टकऱ्याला मुंबई जितकी जवळ आली, त्याहून कितीतरी अधिक मुंबईच्या पैशाला त्याची वाडी जवळ आली.

या व्यवहारात दोन पक्ष असतात आणि कायद्याच्या पुस्तकात ते समान असतात. प्रत्यक्षात घेणाऱ्याजवळ वकील असतो, मोजणीदार असतो, गावोगाव फिरणारा दलाल असतो आणि मुख्य म्हणजे थांबण्याची ताकद असते. देणाऱ्याजवळ गळके कौलारू छप्पर, औषधपाण्याचे कर्ज, मुंबईत स्थायिक झालेले भाऊ आणि अपुरे कागद असतात. घेणारा वर्षभर तयारी करून ओटीवर येऊन बसतो. देणारा एका रात्रीत ‘हो’ म्हणतो. घराची किंमत ठरते ती या विषमतेतून. बाजारभाव हे त्या विषमतेचेच सभ्य नाव आहे.

यावर दोन ठराविक उत्तरे ऐकू येतात आणि दोन्ही निरुपयोगी आहेत. पहिले उत्तर बाजाराच्या भाटांचे : घर ज्याचे, मर्जी त्याची, भाव आला आहे तर विकू द्या. ज्याला थांबता येत नाही त्याची मर्जी स्वतंत्र असते, असे मानणारे हे लोक उपाशी माणसाच्या खाण्यालाही निवड म्हणतील. दुसरे उत्तर दुर्दैवाने चळवळीतल्याच काही मंडळींचे आहे : भूमी ही माता, ती विकणारा गावद्रोही. भाषणाला हे वाक्य शोभते. पण ज्याच्या घरात रुग्ण अंथरुणाला खिळला आहे, त्याला या वाक्यातून औषध मिळत नाही. विकणाऱ्याला दोषी ठरवून कार्यकर्ता मोकळा होतो आणि मग त्या एकाकी पडलेल्या माणसाजवळ एकच हितचिंतक उरतो. तो म्हणजे दलाल.

या मातीचा इतिहास वेगळे काही सांगतो. अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप पुकारला आणि १९३९ पर्यंत, उपासमार सोसून, खोतांच्या जमिनी कसण्यास नकार दिला. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोतीविरोधी विधेयक मांडले. पुढे १९४८ चा कूळकायदा आला, १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. जमीन मिळाली ती गावाने एकत्र झगडून. जात आहे ती मात्र एकेका उंबरठ्यावरून, एकेकट्याच्या सहीने. कूळकायद्याने मिळालेली जमीन पूर्वी शासनाच्या परवानगीवाचून विकता येत नसे. २०१४ च्या दुरुस्तीने, खरेदीला दहा वर्षे झाली असल्यास, आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून ती वाट मोकळी केली. शेतकऱ्याला विकण्याचे स्वातंत्र्य तत्परतेने मिळाले. न विकता जगण्याचे साधन देण्याची तशी तत्परता दिसली नाही.

तेव्हा ‘विकू नका’ एवढे सांगून भागणार नाही. अडाणीपणाने, एकट्याने आणि घाईने विकू नका, हे सांगितले पाहिजे. विक्रीची तयारी हे दलालाचे काम नसून चळवळीचे काम आहे.

तयारी म्हणजे काय? प्रथम कागद. गावठाणातल्या पुष्कळ घरांचा ग्रामपंचायतीच्या आकारणी नोंदवहीतील उतारा हाच एकमेव पुरावा मानला जातो. तो उतारा घरपट्टीचा आहे. केवळ त्याने मालकी सिद्ध होत नाही. वाडीच्या सातबाऱ्यावर आजोबा-पणजोबांची नावे तशीच राहिलेली असतात. वारसनोंद नाही, मोजणी नाही, हद्दी तोंडी. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी करून मिळकतपत्रिका देण्याचे काम हाती घेतले गेले. त्या पत्रिकेवर कोणाचे नाव चढते आणि कोणाचे गळते, यावर गावाने डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवले पाहिजे. कागदांतील याच त्रुटी दाखवून दलाल भाव पाडतो आणि मग त्याच त्रुटी स्वतः दुरुस्त करून दुप्पट भावाने पुढे विकतो.

दुसरी गोष्ट बहिणींची. एरवी माहेरच्या घरात जिला कोणी विचारत नाही, तिची आठवण विक्रीच्या वेळी होते, ती हक्कसोडपत्रावर सही हवी म्हणून. साडीचोळी करून तिची बोळवण होते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. वडील २००५ पूर्वी वारले असले तरी तो हक्क बुडत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. समतेच्या सभेत टाळ्या वाजवणारे भाऊ घरच्या विक्रीत बहिणीचा हिस्सा गिळत असतील, तर त्यांना दलालाविरुद्ध बोलण्याचा नैतिक अधिकार उरत नाही. शिवाय हा केवळ नीतीचा प्रश्न नाही. बहिणीचा हिस्सा शाबूत असेल, तर घाईची विक्री थांबवणारी एक सही घरातच असते.

तिसरी गोष्ट हिश्शांची. घर सामाईक असले की दलाल मुंबईला जाऊन सर्वांत गरजू भावाला गाठतो, त्याचा अविभक्त हिस्सा खरेदी करतो आणि मग उरलेल्यांना धमकावतो. या धमकीला पुष्कळ कुटुंबे बळी पडतात. वास्तविक, एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा घेणाऱ्या परक्याला घरच्या माणसांबरोबर सामाईक ताबा मागता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ४४ तसे सांगते. त्याने वाटपाचा दावा लावलाच, तर घरातील हिस्सेदाराला न्यायालयाने ठरवलेल्या किमतीत तो हिस्सा विकत घेता येतो. ही तरतूद १८९३ च्या वाटप कायद्यात आहे. सव्वाशे वर्षांहून जुना हा हक्क किती घरांना ठाऊक आहे?

चौथी गोष्ट सह्यांची. थोडासा इसार हातावर ठेवून कुलमुखत्यारपत्र लिहून घेणे हा जुना डाव आहे. साठेखताने मालकी जात नाही आणि केवळ मुखत्यारपत्रानेही जात नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा बजावले आहे. मालकी जाते ती नोंदणीकृत खरेदीखताने. म्हणून पूर्ण रक्कम हाती येईपर्यंत दुय्यम निबंधकासमोर खरेदीखतावर सही नाही आणि मुखत्यारपत्र तर कोणालाच नाही, हा नियम घरोघर पोचला पाहिजे.

आणि ज्याच्याजवळ विकायला घरच नाही, पण ज्याचे घर विकले जाते, त्याचे काय? रायगडमधील अनेक कातकरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर उभ्या आहेत. ज्या मालकाच्या बागेत आणि शेतात कातकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राबायचे, तो मालक जमीन विकतो, नवा मालक कुंपण घालतो आणि चार कुडाच्या घरांना ‘अतिक्रमण’ हे नाव मिळते. कूळकायद्याची कलमे १६ ते १८ कूळ, शेतमजूर आणि कारागीर यांच्या घराखालच्या जागेला संरक्षण देतात आणि ती जागा विकली जात असेल तर खरेदीचा पहिला हक्क त्यांना देतात. कायदा आहे, त्याचा आधार घेऊन कातकऱ्याबरोबर तहसील कचेरीत उभा राहणारा माणूस नाही. आपल्या घराचा भाव वाढवून मागणाऱ्या आणि शेजारच्या कातकऱ्याच्या घराबद्दल मौन पाळणाऱ्या शेतकऱ्याला चरीचा वारसा सांगता येणार नाही.

घर विकले जाते तेव्हा केवळ चार भिंती जात नाहीत. सामाईक विहीर, समुद्राकडे जाणारी पाऊलवाट, जाळी आणि मासळी वाळवण्याची कोळ्यांची जागा, हे सारे चिऱ्याच्या कुंपणाआड जाते. किनारा नियमन अधिसूचना १९९१ पासून आहे. तरी किनाऱ्यावर बंगले उठले. किहीमचा नीरव मोदीचा बंगला मार्च २०१९ मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आला, पण तोही मालक देशाबाहेर पळाल्यानंतर. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूड भागातील घरांची छपरे उडाली आणि नारळी-पोफळीच्या वाड्या भुईसपाट झाल्या. पोफळीला फळ धरायला कित्येक वर्षे लागतात. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला येतो. अशा वेळी शासनाने पीक उभे राहीपर्यंत आधार दिला नाही, तर ती जमीन विक्रीला शासनानेच काढली असे म्हटले पाहिजे.

गाव एकत्र आले तर काय होते, हेही या जिल्ह्याने पाहिले आहे. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राच्या वेळी सप्टेंबर २००८ मध्ये पेण तालुक्यातील २२ गावांत शासनाला शेतकऱ्यांचे मत घ्यावे लागले आणि तो प्रकल्प अखेर बारगळला. तेथे शत्रू एक होता आणि दिसत होता. आज तो शंभर दलालांच्या रूपाने शंभर ओट्यांवर बसला आहे, म्हणून संघटनेचे कामही ओट्यावर जाऊन केले पाहिजे. प्रत्येक शाखेने गावातील वारसनोंदींची यादी करावी, मोजणीचे अर्ज सामुदायिकरीत्या द्यावेत, विहीर आणि वाट यांचे वहिवाटीचे हक्क ग्रामसभेच्या ठरावात नोंदवावेत, कातकरी घरांच्या जागांचे दावे दाखल करावेत. ज्याला विकावेच लागेल त्याने आधी गावातल्या माणसाला विचारावे, घराखालची जागा राखून उरलेले द्यावे, शक्य तेथे विक्रीऐवजी मुदतीचा भाडेपट्टा करावा. आणि त्या माणसाच्या शेजारी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दलाल नव्हे, कार्यकर्ता बसलेला असावा.