ओके दाबण्याआधी

शनिवारची संध्याकाळ. अख्खी गँग पिक्चरला आणि मी घरी, लॅपटॉपसमोर देव पाण्यात ठेवून बसलेली.

झालं काय, विंडोज १०चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं, ते माझ्या २०११च्या म्हाताऱ्याकडे कुठून असणार? नवा लॅपटॉप घ्यावा, तर आम्हा फ्रीलान्सर्सचे चेक कधी येतात ते विचारू नका! म्हटलं, लिनक्स मिंट टाकू. फुकट आणि जुन्या मशीनला झेपणारं.

आयएसओ फाइल डाऊनलोड केली आणि सिनेमा कॉपी करतो तशी पेनड्राइव्हवर टाकली. लॅपटॉप ढिम्म! मैत्रिणीला फोन लावला. ‘अगं वेडे, नुसती कॉपी करून बूट होत नाही. रूफसने लिही,’ ती म्हणाली.

रूफसने विचारलं, पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल, चालेल? मी सवयीने ओके दाबलं. आजीच्या पंच्याहत्तरीचे फोटो त्याच पेनड्राइव्हवर होते, हे दहा मिनिटांनी आठवलं. दुसरी कॉपी नव्हती.

रडून झालं. मग पुन्हा भिडले. सुरू करताना एफ१२ दाबून बूट मेनू उघडला (काही लॅपटॉपना एफ९ किंवा एस्केप लागतं). पेनड्राइव्ह दिसला, पण पुढे काळी स्क्रीन. फाइल अर्धवट उतरली असेल म्हणून तिचा चेकसम साइटवरच्या आकड्याशी ताडून पाहिला. बरोब्बर जुळला. पोर्ट बदलून पाहिला. तेच! शेवटी सापडलं. मी रूफसमध्ये ‘जीपीटी’ निवडलं होतं, ते यूईएफआयवाल्या नव्या मशीन्ससाठी. माझ्याकडे जुनं बायॉस. ‘एमबीआर’ निवडून पुन्हा लिहिलं आणि रात्री साडेअकराला मिंटचा डेस्कटॉप झळकला. सही!

इन्स्टॉल करायला घेतलं, तर समोर प्रश्न: अख्खी डिस्क पुसून टाकू? बोट ओकेवर गेलंसुद्धा. आणि तिथेच थांबलं.

मिंट इन्स्टॉल न करताही पेनड्राइव्हवरून चालतं. तसंच चालवलं, दुसरी हार्डडिस्क जोडली आणि लेख, मुलाखतींची रेकॉर्डिंग्ज, बिलं सगळं कॉपी केलं. दोन-चार फाइल्स उघडून पाहिल्या. मगच ओके.

लॅपटॉप आता मस्त पळतोय. हा कॉलम त्याच्यावरच लिहिलाय. मावशीच्या मोबाइलमध्ये पंच्याहत्तरीचे चाळीसेक फोटो मिळाले. बाकीचे गेले ते गेलेच.

तेव्हा मंडळी, बूट होत नसेल तर टेन्शन नॉट. फाइल, पोर्ट, बूट मेनू, एमबीआर की जीपीटी, एकेक तपासा, कुठेतरी सापडतंच. पुसलेलं मात्र परत मिळेलच असं नाही. मशीन आधी विचारतं हो, आपणच वाचत नाही!