मिक्सिंगचा पी.सी. आणि घरचा हिशेब

लग्नसराई आणि जयंतीचा हंगाम सरला की आपल्या अनेक घरांत एक विषय निघतो. मुलगा दोन वर्षे एखाद्या शूटिंगवाल्याच्या हाताखाली राबलेला असतो, मिक्सिंग शिकलेला असतो. तो म्हणतो, "पप्पा, आता काम घरीच करू, पी.सी. घेऊ." मागणी रास्त आहे. आपल्या नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनाचे शिक्षण घेतलेल्या नागराज मंजुळे यांच्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेव्हा आईवडिलांनी याला रिकामा नाद म्हणू नये. पण पैसा आईच्या बचत गटाचा किंवा पतसंस्थेचा असतो, आणि हप्ता कुणासाठी थांबत नाही. म्हणून बंधू-भगिनींनो, आज थोडा यंत्राचा हिशेब मांडू.

दुकानात गेल्यावर सगळे कार्डाबद्दल विचारतात. पॉवर सप्लायबद्दल, म्हणजे ज्याला आपण एस.एम.पी.एस. म्हणतो त्याबद्दल, कुणी विचारत नाही. तो कॅबिनेटबरोबर 'फुकट' येतो. आमच्या ओळखीतल्या एका तरुणाकडे असाच फुकटचा होता, वर ४५० वॅटचे चिकटपत्र. एका संध्याकाळी लाइट दोनदा गेली-आली आणि तो जळाला. जाताना मदरबोर्ड आणि डिस्क दोन्ही घेऊन गेला. डिस्कवर दोन लग्नांचे शूटिंग होते, दुसरी प्रत नव्हती. अ‍ॅडव्हान्स परत करता येतो, पण मुलीच्या पाठवणीचे शूटिंग कुठून आणणार? पोराला महिनाभर गावात तोंड दाखवणे जड गेले. हप्ता मात्र चालूच राहिला.

म्हणून आधी पॉवर सप्लाय ठरवा, मग कार्ड. चिकटपत्रावरच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका. बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या ओळीत किती वॅट दिले आहेत ते वाचा, कारण कार्ड आणि प्रोसेसर प्रामुख्याने त्याच ओळीवर चालतात. एकूण ४५० आणि १२ व्होल्टवर जेमतेम २००, असा माल सरळ परत करा. दुसरी खूण '८० प्लस' या शिक्क्याची. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के आत पोचते, असा त्याचा अर्थ. त्याच्या वरचा 'ब्राँझ' अर्ध्या भारावर ८५ टक्के देतो. समजा आतल्या भागांना २०० वॅट लागतात. ब्राँझवर मीटरमधून सुमारे २३५ वॅट जातील, ७० टक्क्यांच्या हलक्या मालावर २८५. रोज ४ तास, महिन्याला २५ दिवस धरले तर ५ युनिटचा फरक. रक्कम मोठी नाही, पण ती ५ युनिटे डब्यात उष्णता होऊन बसतात आणि यंत्राचे आयुष्य खातात.

आता कार्ड. पहिला प्रश्न : ते हवेच का? इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांत चित्राची सोय आतच असते आणि मोबाईल किंवा साध्या कॅमेऱ्याचे एच.डी. शूटिंग ती चांगले ओढते. फक्त नावाच्या शेवटी 'एफ' अक्षर असलेला प्रोसेसर घेऊ नका, त्यात ही सोय नसते. एक गंमत अशी की, नव्या कॅमेऱ्यांतले १० बिट ४:२:२ प्रकारचे एच.ई.व्ही.सी. शूटिंग इंटेलची ११व्या पिढीपासूनची ही आतली सोय उलगडते, आणि एनव्हिडियाच्या कार्डांना ते २०२५च्या ५० मालिकेपासून जमू लागले. तेव्हा महागडे जुने कार्ड घेऊनही टाइमलाइन अडखळू शकते. अशा वेळी सॉफ्टवेअरमध्ये 'प्रॉक्सी', म्हणजे हलक्या प्रती, करून काम करावे. त्याला पैसा लागत नाही.

दा विंची रिझॉल्व्हवर रंगकाम करायचे असेल तर मात्र कार्ड लागते. २०२४ साली आलेले आर.टी.एक्स. ३०५० हे ६ जी.बी.चे कार्ड ७० वॅटवर चालते, वेगळी वायर लागत नाही, ३०० वॅटचा खरा सप्लाय पुरतो. घरगुती कामाला मला हेच पटते. ३०६० चे १२ जी.बी.चे कार्ड १७० वॅट ओढते, त्याला कंपनीच ५५० वॅटचा सप्लाय सांगते. फोर-केचे काम हातात नियमित असेल तरच तिकडे वळावे. आणि 'जी.टी. १०३०' स्वस्त म्हणून कुणी गळ्यात मारू पाहील, त्यात व्हिडिओ बनवून बाहेर काढणारा भागच नाही.

जुन्या कार्डांबाबत सावध राहा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची कार्डांवरची खोदाई थांबली आणि रात्रंदिवस तापलेली कार्डे बाजारात उतरली. काही भामटे तर जुन्याच चिपवर नव्या कार्डाचे नाव चढवतात. 'जी.पी.यू.-झेड' हा मोफत प्रोग्राम दुकानातच चालवून पाहावा, अशी बरीच बनावट कार्डे तो ओळखतो.

राहिली आपली वीज. शेवगाव-पाथर्डीकडच्या वस्तीत काय किंवा केडगावच्या चाळीत काय, संध्याकाळी दिवा मंद झाला की समजून घ्यावे. यू.पी.एस. घेताना व्ही.ए. नव्हे, वॅट विचारा. ६०० व्ही.ए. लिहिलेला बहुधा ३६० वॅटचाच असतो. तो काम सेव्ह करून बंद करण्यापुरता आहे, त्यावर अख्खी लग्नाची फिल्म रेंडर करायची नसते. तीन पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थिंग खरोखर आहे की नुसते भोक आहे, हे वायरमनकडून तपासून घ्या. मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ते आजच करा.

पक्के बिल घ्या, त्यावर कार्डाचा आणि सप्लायचा सिरीयल नंबर लिहून घ्या. पुढे वॉरंटी मागायला गेल्यावर तोच कागद विचारला जातो. आणि उरलेल्या पैशांत आणखी भारी कार्ड न घेता एक बाहेरची डिस्क घ्या. शूटिंग उतरवले की त्याच रात्री दुसरी प्रत तिच्यावर, मगच कॅमेऱ्याचे कार्ड रिकामे करायचे.